पावसाळ्यात लावलेले बरगे

गोवा, ता. ४ जून २०२३

॥ जय सेवालाल ॥

ती. बापू यांच्या पायी बबिताचा शि.सा.न. वि.वि.

मी इकडे खुशाल आहे. तुम्ही, याडी, दादा आणि नयनवहिनी बरे असाल असं धरून चालते, कारण फोनवर तुमच्याकडून दुसरं काही कळतच नाही. ऐकू येवो न येवो, तुम्ही आपले हाव-हाव म्हणता आणि मोबाइल दादाच्या हातात देता. म्हणून कागदच बरा. घरी आपण गोरबोलीत बोलतो आणि कागदावर मराठीत (याडीला मात्र आई लिहवत नाही), त्यामुळे पत्र लिहिताना मला उगाच शाळेत बसल्यासारखं वाटतं. अक्षर मोठं काढलंय. चष्मा लावूनच वाचा.

याडी तांड्यात सांगत फिरते म्हणे, की आमची पोरगी समुद्राचा ताप मोजते. ऐकून हसले, पण खोटं काय आहे त्यात? समुद्रात आम्ही मोठी तरंगती पिंपं नांगरून ठेवतो. त्यांना बांधलेली यंत्रं पाणी किती तापलं ते सांगत राहतात. पुढच्या महिन्यात मी अशीच पिंपं बदलायला जहाजावर जाणार आहे. याडीला आत्ता सांगू नका, निघायच्या वेळी सांगा.

आता तुमचा प्रश्न. यंदा पाऊस कसा राहील, असं अख्खा तांडा विचारतोय, असं दादानं कळवलं. बापू, मला ठाऊक आहे तेवढंच लिहिते. जगाच्या पलीकडच्या अंगाला प्रशांत महासागर आहे. त्याचं पाणी यंदा नेहमीपेक्षा जास्त तापायला लागलंय. पाणी तापतं तिथली हवा वर चढते आणि ढग तिथे जमतात. पण वर गेलेली हवा कुठेतरी खाली उतरणारच. अशा वर्षी ती पुष्कळदा आपल्या मुलखावर उतरते आणि आपले ढग दाबून टाकते. म्हणून अशी बरीचशी वर्षं आपल्याला तुटीची जातात. खंड पडलाच तर ऑगस्टात पडायची भीती जास्त.

पण एवढंच वाचून पत्र घडी करू नका. इकडचा अरबी समुद्रही तापलेला आहे. तापल्या पाण्यावरून येणारा वारा जास्त वाफ घेऊन निघतो आणि मिळेल तिथे एकदम ओततो. चार महिन्यांची बेरीज कमी भरली, तरी एखादा दिवस भलताच यायचा. कमी पाऊस म्हणजे गरीब पाऊस, असं कोणी समजू नये.

पेरणीची घाई नको. सोयाबीनमध्ये तुरीची ओळ ठेवाच. याडीला नमस्कार. रागवा हवं तर, पण उत्तर लिहा.

तुमची,
बबिता

---

तांडा, ता. दारव्हा, दि. ३० जून २०२३

॥ जय सेवालाल ॥

चि. बबितास प्रेमदादाचे अनेक आशीर्वाद वि.वि.

बापूनं मले लिहाले बसवलं. त्याईचं म्हणणं, त्याईचे हात आता पेनापेक्षा कासऱ्याले बरे. इकडे सगळे ठीक आहेत. पाणी उशिरा आलं, पण आलं. पेरण्या उरकल्या. तुह्या सांगण्यावरून तुरीची ओळ ठेवली. तुह्या वहिनीनं सरकी टोबली अन् कंबर धरून बसली. मी हसलो तं दोन दिवस माह्यासंगं बोलली नाही.

तुह्यं पत्र बापूनं सेवालाल महाराजाच्या देवळापुढं सगळ्यायले बसवून वाचून दाखवलं. इतकी गर्दी तं सरपंचाच्या सभेले नसते. बापूची मान अशी ताठ होती का काय सांगू! पण खरं सांगतो, लोकायनं ऐकलं ते एवढंच का समुद्र तापला अन् औंदा पाणी कमी. बाकीचं बापू वाचतच होते, पण तोवर ज्याची त्याची चर्चा सुरू झालती. बापूले ऐकू येत नाही, त्याईनं आपलं वाचून संपवलं.

मंग डोंगरसिंगकाकानं गोष्ट काढली. त्याचं वावर बंधाऱ्याले लागून, तुले माहीतच आहे. तो म्हणे का आपण दरसाल दिवाळीच्या आंगंमागं बंधाऱ्याच्या दारात बरगे लावतो, तवा नाल्याले धार तरी कुठं राहते? औंदा पाणीच कमी, तं आताच लावून घेऊ, आलं तेवढं अडवू. बापूले हे लई पटलं. नयननं बायायमधून इचारलं का पूर आला तं बरगे काढन कोण, तं बापूले ते ऐकूच गेलं नाही, अन् बाकीच्यायनं ऐकून सोडून देल्लं. दुसऱ्या दिवशी सगळ्या तांड्यानं मिळून ग्रामपंचायतीच्या खोलीतल्या त्या बरग्यायच्या लोखंडी पट्ट्या वाहून आणल्या अन् एकावर एक बसवल्या. मीही होतो. काकाच्या घरून तानाकाकूनं सगळ्यायले चहा पाजला. आता गुडघाभर पाणी साचलं आहे, ढोरं डुंबून राह्यले.

याडी इचारते तुह्या जहाजावर भाकर भेटते का नाही. तिले कोणी सांगतलं म्हून मले इचारू नको.

तुह्याच,
प्रेमदादा

---

गोवा, ता. ९ जुलै २०२३

प्रिय दादा, स.न.वि.वि.

पोस्टानं पाठवायला वेळ नाही, म्हणून या कागदाचा फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवतेय. उद्या आमचं जहाज सुटतं. तिथून फोन लागणार नाही. अधूनमधून थोडा मजकूर पाठवता येईल, तो तुला दारव्ह्याला नेटच्या रेंजमध्ये गेलास की मिळेल.

दादा, बरगे काढा. तुझं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. पावसाळ्यात बंधाऱ्याची दारं मोकळी ठेवतात ती कशासाठी, हे बापूंना मी सांगायला हवं का? पाऊस कमी राहण्याची शक्यता आहे, हे मी चार महिन्यांच्या बेरजेबद्दल लिहिलं होतं. एका दिवसाबद्दल माझ्याकडे काहीच सांगण्यासारखं नाही. कोणाकडेच नाही. नयनवहिनीनं विचारलं तेच बरोबर होतं. तिचं कोणी ऐकलं नाही म्हणून मी तिच्या बाजूनं भांडतेय, असं तिला सांग.

बापूंना वाईट वाटेल. माझ्याच पत्रावरून ठरवलं आणि मीच मोडते, असं होईल. तरी सांग. डोंगरसिंगकाकांनाही माझा नमस्कार सांगून सांग. तानाकाकूच्या चहाची आठवण येते, त्यात आलं मुठीनं असतं.

याडीला म्हणावं, भाकर मिळत नाही, पण भात पोटभर मिळतो.

तुझी,
बबिता

---

तांडा, दि. १८ जुलै २०२३

॥ जय सेवालाल ॥

चि. बबितास अ.आ. वि.वि.

तू आता पाण्यावर असशीन. इकडे सगळे बरे. दारव्ह्याच्या बाजारात आलो, तिथूनच हे मोबाइलवर टाइप करून राह्यलो, चुका झाल्या तं समजून घेजो.

तुह्यं पत्र बापूले दाखवलं. त्याईनं दोनदा वाचलं अन् खिशात ठेवलं. मंग म्हणाले का पोरगी समुद्र पाहते, नाला मी पाहतो. राग नव्हता, पण लागलं त्याईले. मी डोंगरसिंगकाकाकडे गेलो. तो म्हणे का इतक्या वर्साचा विहिरीवर मोटर चालवतो, पण पावसाळ्यात विहीर अशी काठोकाठ कधी पाह्यली नाही, अन् बबितानं सांगतलेला ऑगस्ट तं अजून यायचाच आहे. जे बोलला ते खोटं नव्हतं. तानाकाकू मध्येच म्हणाली का पोरगी सांगते तं काढून टाका. तवा तो म्हणे, ठीक आहे, येत्या रविवारी सगळे घरी राहतात, तवा काढू. बापूही हाव म्हणाले.

तं रविवारी काढून राह्यलो. तू घोर नको करू. पऱ्हाटी बोटभर झाली, डवरणी सुरू आहे. तिकडचं पाणी कसं दिसते ते लिहिजो, याडीले वाचून दाखवीन.

तुह्याच,
प्रेमदादा

---

जहाजावरून, ता. २१ जुलै २०२३

प्रिय दादा, स.न.

याडीसाठी समुद्राचं वर्णन लिहायला घेतलं होतं, ते राहू दे. आज जहाजावर हवामानाचा नकाशा आला. बंगालच्या उपसागराकडून ढगांचा पट्टा विदर्भावर सरकतोय आणि इकडून अरबी समुद्राची वाफ त्याला जाऊन मिळतेय. आमची यंत्रं या समुद्राचं पाणी जेवढं तापलेलं दाखवताहेत, तेवढं मी कागदावर लिहितानाही दोनदा तपासते. रविवारची वाट पाहू नका. हे मिळेल त्या क्षणी बरगे काढा. चार माणसं मिळाली तरी चालेल, पण काढा.

बबिता

---

तांडा, दि. २८ जुलै २०२३

बबिता,

तुह्यं एकवीस तारखेचं पत्र मले पंचवीसले भेटलं. तोवर सगळं होऊन गेलतं. खुशाली लिहवत नाही. तरी आंधी सांगतो, बापू, याडी, नयन अन् मी जिवंत आहो. हे ओळखून बस अन् मंग पुढं वाच.

शुक्रवारी संध्याकाळी पाणी लागलं ते थांबलंच नाही. पाऊस म्हणावा असा तो नव्हताच, वरून नुसतं ओतणं सुरू होतं. शनिवारी उजाडलं तसा नाल्याचा आवाज सगळ्या तांड्यात आला. बापूले तेवढा नाही आला. ते ओसरीत दात घासून राह्यलते. लोक पळताना पाह्यले तवा त्याईनं नयनच्या तोंडाकडे पाह्यलं, अन् समजले. पहार घेतली अन् निघाले.

आम्ही दहा-बारा जण बंधाऱ्यावर पोचलो तं पाणी बरग्यायच्या वरून चाललं होतं. वरचे बरगे निघाले. खालच्यायले पाण्याचा असा रेटा होता का पहार वाकली, पण पट्टी हालली नाही. झाडं, काटे, कोणाचं छप्पर, सगळं येऊन दारात अडकून राह्यलं होतं. बापू कमरेले दोर बांधून खाली उतरले. मी वरून दोर धरला होता. डोंगरसिंगकाका माह्या बाजूले होता. त्यानंही जोर लावला, हात सोलून निघाले त्याचे.

दारं बंद, तं पाण्यानं आपली वाट दुसरीकडून काढली. बंधाऱ्याच्या त्या अंगानं, डोंगरसिंगकाकाच्या वावरातून. आंधी बांधाची, धुऱ्याची माती गेली, मंग आमच्या डोळ्यादेखत जमीन भाकरीच्या तुकड्यावाणी तुटत गेली. तानाकाकू तवा वावरातल्या गोठ्यात होती. म्हशीचं वगार सोडाले गेलती. आम्ही वरडलो. आवाज कुठं जाते त्या पाण्यात? तिनं वगाराचं दावं सोडलं, ते वर पळालं अन् वाचलं. गोठ्याखालची जमीन गेली, तिच्यासंगं काकू गेली. काकाच्या हातात तवा पहार होती. त्यानं ती खाली ठेवली, टाकली नाही, ठेवली. मंग तो पाण्याकडे निघाला, अन् आम्ही त्याले दाबून धरला.

बापूले काही ऐकू आलं नव्हतं. मी दोर ओढून त्याईले वर घेतलं तवा त्याईनं पाह्यलं का समोर वावरच नाही.

सोमवारी काकू भेटली. अडाण नदीच्या वळणावर, बाभळीत. मातीले सगळा तांडा होता, बापू सगळ्यायच्या मागं उभे होते. कोणी त्याईले काही म्हटलं नाही. कोणी जवळही गेलं नाही.

पाहाले साहेब लोक आले. एक साहेब म्हणे का एवढ्या पाण्यात पूर तं आलाच असता. नयननं इचारलं, अन् काठ तुटला असता का? तो म्हणे, दारं मोकळी असती तं कदाचित नाही. वरच्या तांड्याचा बंधारा आपल्यासारखाच, तिथं बरगे नव्हते. पाणी वरून गेलं, पण काठ जागीच आहे. हे मी बापूले नाही सांगतलं. त्याईनं जाऊन पाह्यलं.

तू स्वतःले काही करून घेऊ नको. याडीनं तुह्यासाठी सांगतलं का जेवत जा.

प्रेमदादा

---

जहाजावरून, ता. १ ऑगस्ट २०२३

प्रिय दादा,

पत्र वाचलं. जहाजावर तानाकाकूला ओळखणारं कोणी नाही, त्यामुळे कुणाजवळ बोलू ते कळत नाही. आज दुपारी पिंप समुद्रात सोडताना हात चालत होते, मी कुठेच नव्हते. संध्याकाळी यंत्र सुरू झालं आणि पाण्याचं तापमान पडद्यावर उमटलं. पहिल्यांदा मला त्याची चीड आली.

मी दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या, हे खरं. पण त्यातली एकच ऐकली जाईल, हे मी तांड्यात वाढलेली मुलगी असून ओळखायला हवं होतं. माणूस उन्हाळ्याच्या शेवटी बसून पाणी कमी हे दोन शब्द ऐकतो, तेव्हा पुढचं त्याला ऐकू येत नाही. बापूंच्या कानांचा त्यात दोष नाही.

आता मला लिहायची भीती वाटते, तरी लिहिते. ऑगस्ट कोरडा जाईल असं दिसतंय, बहुधा बराच कोरडा. डवरे चालू ठेव, जमिनीतली ओल तेवढी धरून राहील. महिना सरता सरता आमच्याच समुद्राचा आफ्रिकेकडचा भाग तापेल, तसा तो आपल्याला थोडा हात देईल अशी आशा आहे. याची खात्री नाही. ही ओळ तू सगळ्यांत आधी वाचून दाखव.

डोंगरसिंगकाकांना काय लिहू ते मला सुचत नाही. बापूंना एकटं सोडू नका.

बबिता

---

तांडा, दि. २७ ऑगस्ट २०२३

चि. बबितास अ.आ.

तू गोव्याले पोचली हे समजलं, बरं वाटलं. आजकाल इथं बरं वाटायच्या गोष्टी कमी आहेत.

महिना झाला, पाणी नाही. जिथं जमीन चिखलानं भरली होती तिथं आता हात जाईन अशा भेगा आहेत. सोयाबीन फुलावर होतं, फुलं गळली. पऱ्हाटी दुपारी माना टाकते. बंधारा रिकामा आहे, काठच नाही तं पाणी अडन कुठं? लोक म्हणून राह्यले, बबितानं सांगतलं तसंच झालं. कौतुकानं म्हणतात. ते ऐकलं का नयन घरात जाते.

बापूचं सांगतो. ते रोज सकाळी डोंगरसिंगकाकाच्या उरल्या वावरात जातात अन् पुरानं आणलेले गोटे, रेती टोपल्यानं काढतात. कोणी सांगतलं नाही त्याईले. काका पाहते, अडवत नाही, बोलत नाही. पाणीही इचारत नाही. मी गेलो मदतीले तं बापूनं हातानंच परत पाठवलं. तिथली काळी माती गेली आहे, बबिता. खाली मुरूम उघडा पडला. तिथं आता काही व्हायचं नाही, हे बापूले माह्यापेक्षा जास्त समजते. तरी जातात.

याडी काल त्याईच्यावर वरडली का जीव देता काय उन्हात. ते जेवले, अन् पुन्हा गेले.

जमलं तं दसऱ्याले ये.

प्रेमदादा

---

तांडा, दि. ५ नोव्हेंबर २०२३

॥ जय सेवालाल ॥

चि. बबिता हीस बापूचे आशीर्वाद.

हे मी माह्या हातानं लिहून राह्यलो. अक्षर वाकडं आहे. तू दसऱ्याले आलती तवा माह्यासंगं बोलाले बसली, अन् मी उठून ढोरायकडे गेलो. त्याचं वाईट नको वाटू देऊ. तोंडानं जे येत नव्हतं ते लिहितो.

सप्टेंबरात पाणी पडलं, तू लिहिलं तसं. सोयाबीनले उपेगाचं नव्हतं, शेंगाच नव्हत्या. पण जमिनीत ओल धरली. मले वाटलं, या ओलीवर हरभरा होईन. मंग मनात आलं, डोंगरसिंगनं कुठं पेरावं? मी त्या मुरमातले गोटे उन्हाळ्यापर्यंत उचलले तरी तिथं हरभरा येत नाही.

आपलं रस्त्याकडचं वावर आहे, माह्या बापानं जंगल तोडून केलेलं. प्रेमले अन् नयनले बसवून इचारलं. प्रेमनं नयनकडे पाह्यलं. नयन म्हणाली का द्या. तुह्या याडीनं पदर डोळ्याले लावला, पण नाही म्हणाली नाही. तुले इचारलं नाही, तू नाही म्हणणार नव्हती.

मी डोंगरसिंगकडे गेलो. जुलैपासून पहिल्यांदा त्याच्या दारात उभा राह्यलो. म्हटलं, रस्त्याकडचं वावर आजपासून तुह्यं. तो दारातच बसून राह्यला. मी म्हटलं, हे तानाबाईच्या बदल्यात नाही, तिचा मोबदला कुठं आहे, हे फक्त मातीच्या बदल्यात माती आहे. तो उठला अन् संगं चालला. वावरात गेल्यावर त्यानं हातानंच इचारलं का पाणी जास्त झालं का इथून कोणीकडून निघते. मी त्याले सगळा धुरा फिरून दाखवला. कुठं साचते, कुठून वाहते, कोणता कोपरा खचतो, काही लपवलं नाही. तो ऐकत चालला.

तीन-चार दिवसांनी त्यानं तिथं हरभरा पेरला. मले बोलावलं नाही. मी रस्त्यावरून पाह्यलं. तिफण सरळ चालली होती. त्याच्या पाठीमागं सरता धरून बी सोडाले तानाबाई राहायची. आता तो एकटाच थांबे, मागं जाऊन बी पाहे, अन् पुन्हा बैलायकडे येऊन हाकलत जाये. मले वाटलं, जाऊन सरता धरावा. पाय उचललाही होता. पण ती जागा माही नव्हती.

मी तिथंच उभा राह्यलो, त्याचं तिफणीचं शेवटचं तास ओढून होईपर्यंत.

तू लिहीत जा.

बापू